सरासरीच्या भरवशावर एक हिवाळा

कामरेजच्या चौकात शेअर रिक्षातून उतरलं, की कॉलेजकडे वळायच्या आधी दोन-तीन हातगाड्या लागतात. परवा त्यांतल्या एकीवर हिरवा ढीग दिसला आणि मी थांबलेच. पोंक आला होता. आपल्याकडे ज्याला हुरडा म्हणतात तोच हा, पण सुरतेत त्याचे लाड फार. कोवळी ज्वारी भाजायची, झोडायची, पाखडायची, मऊ दाणा तेवढा वेगळा काढायचा आणि वर लिंबू-मिऱ्याची शेव घालून द्यायची. शिरपूरकडच्या आमच्या गावी हुरडा शेतात बसून, हात काळे करून खातात. इथे तो वजनावर मिळतो, आणि भाव विचारला की गाडीवाला सांगायच्या आधी एकदा तुमच्या चपलांकडे बघून घेतो.

मी पाव किलो घेतला. पुडी हातात आल्यावर लक्षात आलं, की आपण भाव विचारलाच नाही. एका हिवाळ्यात मी याच पोंकाच्या गाड्यांवरून मान वळवून जात असे, आणि तरी तो हिवाळा आठवला की मला अजून बरं वाटतं. असं का, याचा हिशेब लावायला बसले आहे. हिशेब लावायची खोड जुनीच आहे.

त्या वर्षी माझं पीएच.डी.चं काम शेवटाकडे आलं होतं. विषय सांगितला की लोक नाक मुरडायचे: रंगखान्यांतून बाहेर पडणाऱ्या पाण्यातला रंग केळीच्या खोडाच्या कोळशाने काढून घेणं. मला मात्र तो मनापासून आवडत होता. केळी आमच्या खानदेशातली, रंग आमच्या आबांच्या नखांतला. आबा म्हणजे माझे वडील. माझ्या जन्माच्या आधीपासून ते पलसाण्याच्या एका मिलमध्ये, रंगखात्यात. भेस्तानच्या आमच्या गल्लीत सकाळचा पहिला दिवा आमच्या घरी लागे, कारण कंपनीची बस कुणासाठी थांबत नसे. लाल साड्यांची ऑर्डर असली की जेवताना त्यांची बोटं लाल, मोरपंखी असली की मोरपंखी. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच वडिलांची नखं अशी रंग बदलतात.

त्या दिवाळीला आबांनी मिल सोडायची असं घरात ठरलं होतं. त्यांचे गुडघे कुरकुरायला लागले होते आणि जिना चढताना ते मधल्या पायरीवर काहीतरी आठवल्यासारखं करून थांबत. माझ्या फेलोशिपमध्ये भाडं आणि किराणा निघत होता. माय, म्हणजे माझी आई, घरी बसून साड्यांना लेस लावायची, त्यात वरचं भागत होतं. ठरलं होतं म्हणजे मीच ठरवलं होतं. आबा लगेच हो म्हणाले. ते इतक्या चटकन कधी हो म्हणाल्याचं मला आठवत नव्हतं, आणि त्यावरून ते किती थकलेत ते कळलं.

आणि नेमकी श्रावणापासून फेलोशिप यायची थांबली.

ज्यांना ही वस्तू माहीत नाही त्यांना वाटतं, फेलोशिप पगारासारखी महिन्याच्या महिन्याला येत असेल. ती परगावच्या मामासारखी येते. येते तेव्हा दोन्ही हातांत पिशव्या असतात, पण कधी येणार हे कुणी सांगू शकत नाही, आणि फार विचारलं तर आपणच लोचट ठरतो. एक सही राहिली आहे, एक कागद वर गेला आहे, पोर्टल बंद आहे, पोर्टल चालू आहे पण साहेब रजेवर आहेत. या सगळ्यात कुणाचीच चूक नसते. मी फोन करायचे, पलीकडचा माणूसही अगदी गोड बोलायचा.

मग नवरात्रात मी लॅपटॉपवर जमाखर्चाची शीट करायला घेतली. कारण अगदी साधं होतं. गरब्याचा पास काढायचा की नाही हे ठरवायला मला आकडा हवा होता. मला कुठलीही गोष्ट ठरवायला आकडा लागतो. लग्नाचं स्थळ आलं होतं तेव्हाही मी कागदावर दोन रकाने आखले होते, ते मायने बघितले आणि स्थळाला स्वतःच नाही कळवून टाकलं.

शीट मी हाताच्या सवयीने प्रयोगाच्या शीटसारखीच आखली. वरती महिने, डावीकडे नावं. रिक्षा, चहा, घरी, फी, झेरॉक्स. एक ओळ ‘परत मिळतील’ या नावाची होती, तीत मी माझ्या पैशांनी आणलेली केमिकल्स लिहीत असे. विज्ञानावरच्या श्रद्धेचा नमुना म्हणून ती ओळ जपून ठेवण्यासारखी आहे. सर्वांत खाली एक चौकोन, त्याचं नाव ‘निभेल का?’ खर्चाची सरासरी एकीकडे, मिळकतीची दुसरीकडे, जवळची शिल्लक जोडीला, आणि सगळ्याचं उत्तर रंगात. वर्षभर निभत असेल तर चौकोन हिरवा, नसेल तर लाल.

त्या शीटचा मला अभिमान होता हे लपवत नाही. विशेषतः फेलोशिपच्या ओळीचा. ज्या महिन्यांत पैसे आले तिथे मी रक्कम लिहिली होती, जिथे आले नव्हते ते रकाने रिकामे सोडले होते. हा आमच्या प्रयोगशाळेचा संस्कार. जिथे मोजलं नाही तिथे शून्य लिहायचं नाही, हे आमच्या सरांनी पहिल्याच वर्षी डोक्यात पक्कं केलेलं. शून्य म्हणजे मोजलं आणि काही निघालं नाही. रिकामं म्हणजे अजून मोजायचं आहे. फेलोशिप नाहीच असं कुठे कुणी म्हटलं होतं? ती येणार होती. म्हणजे रीडिंग बाकी होतं. रीडिंग बाकी असताना शून्य लिहिणं हा माझ्या लेखी खोटेपणा होता.

चौकोन हिरवागार झाला. मी गरब्याचा पास काढला.

दिवाळी आली आणि आबांनी मिल सोडली नाही. “फेलोशिप उनी का सोडसू,” एवढंच म्हणाले. मग लाभपाचमीला, दुकानं आणि गिरण्या पुन्हा उघडतात त्या दिवशी, आबांच्याच मिलच्या मॅनेजरांचा फोन आला. त्यांच्या प्रयोगशाळेत एक जागा रिकामी होती. रंगांची तपासणी, पाण्याची तपासणी, म्हणजे माझंच काम. पगार फेलोशिपपेक्षा जास्त, आणि पहिल्या तारखेला. माणूस प्रेमळ होता. “बेन, मुहूर्तमां जोडाई जाव,” म्हणाला. “पीएच.डी. तो पछी बी थाय.”

नंतर होते, असं ज्यांना सांगितलं त्यांची कुणाची झालेली मी पाहिली नव्हती. आमच्या विभागात एक कपाट आहे, त्यात अशा नंतर होणाऱ्या प्रबंधांच्या फायली आहेत. पण घरी भाडं होतं, आबांचे गुडघे होते. मी विचार करून सांगते म्हटलं, लॅपटॉप उघडला आणि चौकोनाकडे बघितलं. हिरवा. बँकेतली शिल्लक उतरत होती हे मोबाईल सांगत होता, पण मोबाईल काय, आजचंच सांगतो. माझी शीट वर्षाचं सांगत होती. मी मॅनेजरांना फोन करून नाही म्हटलं. किती ऐटीत म्हटलं ते आठवलं की आता हसू येतं.

घरी सांगितलं तेव्हा आबा जेवत होते. “बरं,” म्हणाले. हात धुतले, चप्पल घातली आणि बाहेर गेले. मला वाटलं, दुखावले. मायने सुईत दोरा ओवला.

आणि पोंक आला. आमच्या प्रयोगशाळेत त्याची बातमी हेतल आणायची. हेतल माझ्या शेजारच्या टेबलावर काम करायची, घराणं अस्सल सुरती, खाण्याच्या बाबतीत कडक. त्या दिवशी डबा उघडून तिने सगळ्यांना हात धुवायला पाठवलं आणि रविवारी तापीकाठच्या गाड्यांवर सगळ्यांनी मिळून जायचं जाहीर केलं. वर्गणी निघणार होती. मी शीटमध्ये ‘पोंक’ नावाची ओळ घालायला लागले. ती शेव खात माझ्या खांद्यावरून बघत होती.

“आ बधां खाली केम छे?” तिने फेलोशिपच्या ओळीतल्या रिकाम्या रकान्यांवर बोट ठेवलं.

मी तिला सरांची शिकवण ऐकवली. ती तिलाही पाठ होती.

“पण आ तो पैसा छे, सॅम्पल नथी,” ती म्हणाली. “झीरो लख ने.”

तिला पटवून द्यायला म्हणून मी एका रकान्यात शून्य टाकलं. काही झालं नाही. दुसऱ्यात टाकलं. चौकोन लाल झाला.

सरासरी काढताना शीट रिकामे रकाने सोडून देते. ती फक्त भरलेल्या रकान्यांच्या संख्येने भागते. म्हणजे इतके दिवस ती मला सांगत होती, की ज्या महिन्यांत तुला पैसे मिळतात त्या महिन्यांत तुला अगदी पूर्ण पैसे मिळतात. हे सत्यच होतं. मी उरलेली शून्यं टाकली. पैसे उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, आधीच संपत होते. हेतल शेव चावायची थांबली, डबा माझ्याकडे सरकवला आणि पहिल्यांदाच त्या डब्यातलं मला काही खावंसं वाटलं नाही. एवढा मोठा नकार मी दिला होता, आणि तो एका सरासरीच्या भरवशावर.

त्या दिवशी लवकर घरी आले. खाटेवर जांभळ्या साड्यांची चळत होती आणि माय त्यात बसलेली.

“माय, मनी चूक व्हयनी,” मी म्हटलं.

“काय व्हयनं? बठ, चहा ले पह्यले.”

मी बसले नाही. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, जमेल तितकं सोपं करून. तिने लेस खाली ठेवून नीट ऐकलं.

“म्हणजे जो महिनामा पैसा उना नही, तो महिना तू धराच नही?”

“नही.”

“मंग त्या महिनामा आपन खादं काय?”

मला हसू आलं आणि त्याच्याच पाठोपाठ रडू. तेवढ्यात आबा आले. बस आज वेळेवर होती. ते मोरीत हात धूत असताना मी त्यांनाही सांगितलं, आणि म्हटलं, सकाळी मॅनेजरांना फोन करते, जागा भरली नसेल तर अजून घेतील.

“नको करू,” आबा म्हणाले. हात पुसत ते खाटेच्या कडेला बसले, साड्या जरा बाजूला सारून. “तू नही म्हननी त्या दिन माले इतलं बरं वाटनं. भाहेर गऊ आनि एकलानी पेढा खादा.”

मी विचारलं, “मंग बोलनात का नही?”

“तुनं तुले ठरावू दिनं. मी कसाले मधमा?” थोडा वेळ ते नखांतला रंग उकरत बसले. मग म्हणाले, “तठे रोज सकायले एकच बसमा आपन दोन्ही. मी रंगखातामा, तू लॅबमा. मंग मी इतला सालं गऊ, ते कसाले?”

आबांनी स्वतःबद्दल इतकं लांब वाक्य कधी बोलल्याचं मला आठवत नाही. मला रडू आवरेना. माय म्हणाली, “साडीवर नको रडू, डाग पडी. माल शेठना शे.”

“मी होयीपर्यंत जासू,” आबांनी होळीची मुदत सांगून टाकली. “तू तुनं पुस्तक पुरं कर.” प्रबंधाला ते पुस्तक म्हणत.

दुसऱ्या दिवशी मी शीटमध्ये मिळकतीखाली नवी ओळ घातली आणि तिला ‘आबा’ असं नाव दिलं. चौकोन जेमतेम हिरवा झाला. ती ओळ भरताना मला दर वेळी लाज वाटायची आणि दर वेळी धीरही यायचा. दोन्ही एकदम वाटू शकतं हे त्या हिवाळ्यात कळलं.

त्यानंतरचे दिवस मात्र मजेत गेले, हे कबूल करायला हवं. पैसे बेताचे असले की माणूस दिवसभर कुढत बसत असेल असं मला आधी वाटायचं. तसं काही झालं नाही. शीट आता खरं बोलत होती आणि खरं ऐकलं की झोप लागते. मी सकाळी कोळसा दळायची, दुपारी रीडिंग घ्यायची, संध्याकाळी एक प्रकरण पुढे न्यायची. काचेच्या नळीतून वरून निळं पाणी सोडलं की खालून नितळ थेंब पडायचा, आणि तो बघताना मला इतका आनंद व्हायचा, की महिन्याच्या शेवटी रिक्षाऐवजी स्टेशनपर्यंत पायी जातेय याचं काही वाटत नसे. डब्यात मायच्या हातचं हिरव्या वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी असायची. प्रयोगशाळेतले सुरती लोक त्यावर तुटून पडत. बदल्यात हेतल उंधियू द्यायची, कुणी घारी द्यायचं, आणि पोंक तर रोजच. त्या हिवाळ्यात मी एक रुपयाचाही पोंक विकत घेतला नाही आणि जन्मात खाल्ला नसेल इतका खाल्ला. शीटमधली ‘पोंक’ची ओळ मी काढून टाकली होती, तिच्या जागी हेतलने तिच्या हाताने एक घातली: ‘भरीत’, जमेच्या बाजूला.

उत्तरायणाला सगळी गल्ली गच्चीवर होती. मी पाण्याच्या टाकीच्या आडोशाला लॅपटॉप घेऊन बसले होते. आबा शेजारच्या मुलांच्या मागे फिरकी धरून उभे. पतंग कटला की खाली गल्लीत आरडाओरडा व्हायचा आणि आबा मान वर करून बघत राहायचे. उन्हात ते बरेच म्हातारे दिसत होते, आणि बरेच खुशीतही. मी शेवटच्या प्रकरणाचं शेवटचं पान लिहीत होते आणि मधून मधून त्यांच्याकडे बघत होते. होळीला अवकाश होता.

महाशिवरात्रीच्या आसपास एका दुपारी फेलोशिप आली. सगळी थकलेली, एकदम. मी तराजूवर कोळशाचं वजन करत होते आणि मोबाईल वाजला. मी आधी वजन लिहून घेतलं, मग मोबाईल बघितला, मग बाहेरच्या पायऱ्यांवर जाऊन बसले. हेतलने विचारलं, काय झालं? मी तिला मोबाईल दाखवला. तिने माझ्या पाठीत एक धपाटा घातला आणि आमचा दोघींचा चहा त्या दिवशी तिनेच पाजला.

घरी आल्या आल्या आबांना म्हटलं, आता उद्यापासून बंद. ते म्हणाले, शेठला होळीपर्यंत सांगितलंय. आणि खरंच होळीपर्यंत गेले. धुळवडीच्या दिवशी गल्लीतली मुलं रंग घेऊन दारात आली, तेव्हा आबा दोन्ही हात मागे घेऊन हसत म्हणाले, “माले नको रे. माले रंग पुरना.”

मी अधूनमधून विचार करते, की पहिल्याच दिवशी शून्यं टाकली असती तर? चौकोन लाल दिसला असता, मी ती नोकरी धरली असती. मिल काही वाईट नव्हती. पगार वेळेवर आला असता, मॅनेजर प्रेमळ होते, दोन-तीन पगारांनंतर आबा घरी बसले असते. हे सगळं बरंच झालं असतं. पण सकाळच्या बसमध्ये आबांची रिकामी झालेली जागा रोज मीच भरली असती, आणि त्यांनी तो पेढा कधीच खाल्ला नसता. माझ्या आयुष्यातला सर्वांत बरा निर्णय चुकीच्या सूत्रावर उभा आहे, आणि मी विद्यार्थ्यांना सूत्रं शिकवते. वर्गात हे सांगत नाही.

आता मला पगार मिळतो, कॉलेजचा, महिन्याच्या महिन्याला. शीट मी अजून ठेवते. तिच्यात आता काही घडत नाही, सगळ्या ओळी शहाण्यासारख्या सरळ जातात. खर्चाच्या बाजूला सर्वांत वरती मात्र एक ओळ आहे, ‘आबांची फेलोशिप’. पहिल्या पगारापासून मी दर महिन्याला आबांच्या खात्यात ठरलेली रक्कम टाकते. घरखर्चाची वेगळी, ही त्यांची. घ्यायला ते तयार नव्हते. होळीपर्यंतचे पैसे परत करते म्हटलं तर रागावलेच. मग मी म्हटलं, ही फेलोशिप आहे, परत करायची नसते, तेव्हा गप्प झाले. तेव्हापासून आबा तो शब्द नीट वापरतात. एक तारीख उलटली की मायला विचारतात, “मनी फेलोशिप उनी का?” मोबाईलवर मेसेज येतो, तरी बँकेत जाऊन रांगेत उभे राहून पासबुक छापून आणतात आणि रांगेतल्या ओळखीच्यांना सांगतात, पोरीचे नाही, फेलोशिपचे पैसे आले.

परवा पोंकाची पुडी घेऊन संध्याकाळी घरी गेले. आबा खाटेवर पाय पसरून बसले होते. नखं स्वच्छ, हातात तेच पासबुक. मी पुडी उघडून मधे ठेवली आणि विचारलं, “आबा, फेलोशिप त लेतस. पन तुम्ही संशोधन कसावर करी ऱ्हायनात?”

त्यांनी मूठभर दाणे घेतले, शेव घेतली, सावकाश चावून खाल्लं.

“सकायले उठानं का नही, यावर.”

“मंग काय निंघनं?”

“काम चालू शे आजून,” आबा म्हणाले, आणि आणखी एक मूठ घेतली.